कोर्टानं सोडलं, पण संघात जागा आहे का? निर्दोष सुटलेल्या खेळाडूंच्या परतीचा गुंता

२५ जुलै २०१५. दिल्लीतल्या पतियाळा हाउस कोर्टानं आयपीएल स्पॉट फिक्सिंग प्रकरणातल्या ३६ आरोपींना आरोपमुक्त केलं. त्यात राजस्थान रॉयल्सचे तीन खेळाडू होते. केरळचा एस. श्रीसंत, हरियाणाचा अजित चंडिला आणि मुंबईचा डावखुरा फिरकीपटू अंकित चव्हाण.

आता हे तिघं पुन्हा खेळणार, असं अनेकांना वाटलं. पण क्रिकेट मंडळानं लगेच सांगून टाकलं की कोर्टाचा निकाल वेगळा आणि आमची कारवाई वेगळी. बंदी कायम.

मंडळानं बंदी घातली तेव्हा अंकित चव्हाण २७ वर्षांचा होता. त्याची बंदी कमी करणारा आदेश निघाला तेव्हा तो ३५ वर्षांचा होता. कोर्टाचा निकाल या दोन तारखांच्या अगदी सुरुवातीच्या टप्प्यात लागला होता, पण मैदानावर त्याचा काहीच परिणाम झाला नाही.

अशी बातमी आली की सोशल मीडियावर दोन गट पडतात. एक म्हणतो, “कोर्टानं सोडलं ना? मग घ्या परत.” दुसरा म्हणतो, “सुटला म्हणजे केलं नाही असं थोडंच आहे?” गंमत म्हणजे दोघांच्याही म्हणण्यात थोडं तथ्य आहे.

आणि हा प्रश्न फक्त आयपीएलवाल्यांचा नाही. एखाद्या कॉलेजच्या कबड्डी संघातल्या पोरावर गुन्हा दाखल झाला, त्याला संघाबाहेर काढलं आणि पुढे कोर्टानं त्याला निर्दोष सोडलं, तर काय करायचं? तिथे तर हा प्रश्न जास्त अवघड होतो. का, ते टप्प्याटप्प्यानं बघू.

‘सुटला’ म्हणजे नेमकं काय?

बातमीत आपण ‘क्लीन चिट’ वाचतो आणि पुढे जातो. पण फौजदारी प्रकरणातून माणूस बाहेर पडण्याचे किमान तीन मार्ग आहेत आणि तिन्हींचा अर्थ वेगळा आहे.

पहिला मार्ग म्हणजे गुन्हाच रद्द होणं. हायकोर्ट तक्रार आणि कागदपत्रं बघून सांगतं की यात जे आरोप आहेत, ते खरे धरले तरी हा कायद्यानं गुन्हा ठरत नाही.

दुसरा मार्ग म्हणजे आरोपमुक्ती. पोलिसांनी आरोपपत्र दिलं, पण खटला चालवण्याइतकाही पुरावा दिसत नाही, असं कोर्टाला वाटतं. साक्षीदार तपासण्याआधीच आरोपी सुटतो. अंकित चव्हाण आणि बाकीचे असे सुटले होते.

तिसरा मार्ग म्हणजे निर्दोष मुक्तता. खटला चालतो, साक्षी होतात, उलटतपासणी होते आणि शेवटी कोर्ट आरोपीला सोडतं.

या तिसऱ्या प्रकारातही फरक आहे. कधी कोर्ट म्हणतं की आरोपच खोटा होता. कधी म्हणतं की आरोप वाजवी संशयापलीकडे सिद्ध झाला नाही, म्हणून संशयाचा फायदा आरोपीला. कधी साक्षीदार फितूर होतात आणि केस पडते.

सुप्रीम कोर्टानं २०१२ मध्ये एस. समुथिरम या तमिळनाडूतल्या पोलिसाच्या प्रकरणात नेमका याच फरकावर बोट ठेवलं. छेडछाडीच्या प्रकरणात हा पोलीस कोर्टातून सुटला होता, पण खात्यानं त्याला नोकरीतून काढलं होतं. सुटलो म्हणजे नोकरी परत मिळायला हवी, असं त्याचं म्हणणं होतं. साक्षीदार फितूर झाल्यामुळे झालेली सुटका म्हणजे सन्मानपूर्वक मुक्तता नाही आणि फक्त सुटकेमुळे नोकरीवर आपोआप हक्क येत नाही, असं कोर्टानं सांगितलं.

म्हणजे ‘कोर्टानं सोडलं’ या दोन शब्दांवर निर्णय घेता येत नाही. का सोडलं, ते निकालपत्रात वाचावं लागतं.

कोर्टानं सोडल्यावरही मंडळ बंदी कशी ठेवू शकतं?

१६ मे २०१३ ला दिल्ली पोलिसांनी या तीन खेळाडूंना मुंबईत अटक केली. ठरलेल्या षटकात ठरल्याप्रमाणे धावा देण्यासाठी बुकींकडून पैसे घेतल्याचा आरोप होता. पोलिसांनी मकोकाही लावला. १३ सप्टेंबर २०१३ ला मंडळाच्या शिस्तपालन समितीनं श्रीसंत आणि चव्हाण यांना दोषी धरून आजन्म बंदी घातली. पोलिसांची केस तेव्हा सुरूच होती.

पुढे कोर्टात केस पडली. यामागचं एक कारण आजही अनेकांना माहीत नसतं. भारतात मॅच फिक्सिंग हा गुन्हा ठरवणारा स्वतंत्र कायदाच नाही. मग पोलीस फसवणूक, कट, मकोका अशी कलमं लावतात आणि ती टिकवणं अवघड जातं. जानेवारी २०२२ मध्ये कर्नाटक हायकोर्टानं कर्नाटक प्रीमियर लीगच्या फिक्सिंग प्रकरणात हेच सांगितलं. फिक्सिंग हा अप्रामाणिकपणा आहे, बेशिस्त आहे, पण त्यासाठी फसवणुकीचं कलम लागू होत नाही. कारवाई करायची तर ती क्रिकेट मंडळानं करावी.

म्हणजे एखादी गोष्ट कायद्यात गुन्हा नसेल, तरी खेळाच्या नियमात ती सगळ्यात मोठी चूक असू शकते.

दुसरा मुद्दा पुराव्याच्या पातळीचा. माणसाला तुरुंगात टाकायचं तर गुन्हा वाजवी संशयापलीकडे सिद्ध व्हावा लागतो. संस्थेच्या चौकशीत मात्र उपलब्ध पुराव्यावरून कुठली शक्यता जास्त वाटते, एवढं पुरतं. त्यामुळे त्याच घटनेबद्दल कोर्ट ‘सिद्ध झालं नाही’ म्हणू शकतं आणि संस्था ‘झालं असावं’ म्हणू शकते. दोन्ही निष्कर्ष एकाच वेळी बरोबर असू शकतात.

श्रीसंत हे प्रकरण घेऊन सुप्रीम कोर्टापर्यंत गेला. १५ मार्च २०१९ ला न्या. अशोक भूषण आणि न्या. के. एम. जोसेफ यांनी निकाल दिला. त्यात दोन गोष्टी होत्या. एक, खालच्या कोर्टानं आरोपमुक्त केलं म्हणून मंडळाची कारवाई आपोआप रद्द होत नाही. दोन, दोषी धरलं तरी सरसकट आजन्म बंदी घालता येणार नाही. शिक्षा किती असावी याचा विचार करताना खेळाडूच्या बाजूनं आणि विरोधात जाणाऱ्या सगळ्या गोष्टी बघाव्या लागतील. शिक्षेचा फेरविचार तीन महिन्यांत करा, असं कोर्टानं मंडळाला सांगितलं.

मंडळाचे लोकपाल, माजी न्यायमूर्ती डी. के. जैन यांनी ऑगस्ट २०१९ मध्ये श्रीसंतची बंदी सात वर्षांवर आणली. जानेवारी २०२१ मध्ये तो केरळकडून सय्यद मुश्ताक अली स्पर्धेत वानखेडेवर उतरला. तेव्हा तो ३७ वर्षांचा होता.

अंकित चव्हाणची बंदीही सात वर्षांची झाली. पण तो आदेश आला मे २०२१ मध्ये. १३ सप्टेंबर २०१३ पासून सात वर्षं मोजली तर ती सप्टेंबर २०२० मध्येच पूर्ण झाली होती. म्हणजे तुझी शिक्षा संपली आहे, हे खेळाडूला कळायला शिक्षा संपल्यानंतर जवळपास आठ महिने गेले.

मंडळानं त्याला दोषी धरलं ते बरोबर की चूक, यावर वाद होऊ शकतो. पण कोर्टाचा निकाल लागल्यावर मंडळानं काय करायचं, कधी करायचं आणि कुणी करायचं, याची ठरलेली पद्धतच नव्हती, हे या तारखांवरून दिसतं.

याहून लांबलेलं उदाहरण मोहम्मद अझरुद्दीनचं. मंडळानं डिसेंबर २००० मध्ये त्याच्यावर आजन्म बंदी घातली. ती बंदी टिकणारी नाही, असं आंध्र प्रदेश हायकोर्टानं नोव्हेंबर २०१२ मध्ये सांगितलं. अझर तेव्हा ४९ वर्षांचा होता. निकाल बाजूनं लागला, पण खेळायला वय कुठे उरलं होतं?

कोर्टाचे निकाल बदलतातही

सुटका झाली की विषय संपला, असंही नसतं. नवज्योतसिंग सिद्धूचं उदाहरण बघा. डिसेंबर १९८८ मध्ये पतियाळात रस्त्यावरच्या भांडणानंतर एका वृद्धाचा मृत्यू झाला. केस सुरू असताना सिद्धू भारताकडून खेळत राहिला. १९९९ मध्ये तो निर्दोष सुटला. २००६ मध्ये हायकोर्टानं त्याला दोषी धरलं. २०१८ मध्ये सुप्रीम कोर्टानं फक्त एक हजार रुपये दंड केला. मे २०२२ मध्ये त्याच कोर्टानं एक वर्षाची शिक्षा सुनावली. ३३ वर्षांत इतके निकाल.

खेळाच्या आतल्या न्यायव्यवस्थेतही हे होतं. सलग तीन वेळा महाराष्ट्र केसरी झालेला नरसिंग यादव २०१६ मध्ये रिओ ऑलिम्पिकच्या तोंडावर उत्तेजक चाचणीत अडकला. आपल्या खाण्यात कुणीतरी भेसळ केली, असं त्याचं म्हणणं होतं. राष्ट्रीय उत्तेजकविरोधी संस्था नाडाच्या समितीनं १ ऑगस्टला त्याला सोडलं. तो रिओला गेला. पण जागतिक संस्था वाडानं अपील केलं आणि १८ ऑगस्टला क्रीडा लवादानं त्याच्यावर चार वर्षांची बंदी घातली. तो ऑलिम्पिकच्या गावात होता, पण आखाड्यात उतरू शकला नाही.

यात एक गोष्ट मात्र मान्य करावी लागेल. नरसिंगच्या प्रकरणात शेवटचा निर्णय अठरा दिवसांत लागला. कारण उत्तेजकांच्या बाबतीत कोणी, कुठे, किती दिवसांत ठरवायचं याचे नियम आधीच लिहिलेले आहेत. निर्णय आवडो न आवडो, खेळाडू वर्षानुवर्षं अधांतरी राहत नाही.

बाहेर काय करतात?

इंग्लंडचा बेन स्टोक्स हे चांगलं उदाहरण आहे. सप्टेंबर २०१७ मध्ये ब्रिस्टॉलमध्ये नाइट क्लबबाहेर मारामारी झाली. त्यामुळे त्याची अ‍ॅशेस मालिका हुकली. १४ ऑगस्ट २०१८ ला ज्युरीनं त्याला निर्दोष ठरवलं आणि लगेच भारताविरुद्धच्या पुढच्या कसोटीसाठी त्याला संघात घेतलं गेलं. पण प्रकरण तिथे संपलं नाही. डिसेंबरमध्ये क्रिकेटच्या स्वतंत्र शिस्तपालन आयोगानं खेळाची बदनामी केल्याबद्दल त्याला दंड केला आणि आठ सामन्यांची बंदी घातली. जे सामने आधीच हुकले होते, तेच या बंदीत धरले गेले.

म्हणजे कोर्टाचा मान राखला, खेळाच्या शिस्तीचाही राखला आणि बाहेर बसलेला काळ शिक्षेत मोजला. चव्हाणच्या बाबतीत सहा वर्षं लागली, ते इथे चार महिन्यांत झालं.

श्रीलंकेच्या दनुष्का गुणतिलकावर नोव्हेंबर २०२२ मध्ये सिडनीत लैंगिक अत्याचाराचा गुन्हा दाखल झाला. त्याच्या मंडळानं त्याला लगेच निलंबित केलं. सप्टेंबर २०२३ मध्ये सिडनीच्या कोर्टानं त्याला निर्दोष सोडलं. मंडळानं नेमलेल्या स्वतंत्र समितीच्या शिफारशीनंतर ऑक्टोबरमध्ये बंदी उठली.

कॉलेजचं उदाहरण अमेरिकेत सापडतं. विस्कॉन्सिन विद्यापीठाचा फुटबॉलपटू क्विन्टेझ सिफस याच्यावर २०१८ मध्ये लैंगिक अत्याचाराचे आरोप झाले. विद्यापीठानं स्वतःची चौकशी करून त्याला काढून टाकलं. २ ऑगस्ट २०१९ ला ज्युरीनं त्याला निर्दोष ठरवलं. १९ ऑगस्टला विद्यापीठानं त्याला परत घेतलं. खटल्यात जी माहिती समोर आली, ती आमच्या चौकशीत आमच्यासमोर नव्हती, असं विद्यापीठाचं म्हणणं होतं.

ती माहिती का नव्हती? एक कारण असं की फौजदारी केस सुरू असताना आरोपी विद्यार्थी कॉलेजच्या चौकशीत मोकळेपणानं बोलू शकत नाही. तिथे जे बोलेल, ते कोर्टात त्याच्याविरुद्ध वापरलं जाऊ शकतं. गप्प बसला तर कॉलेज त्याची बाजू न ऐकता निर्णय घेतं. दोन्हीकडून तो अडकतो.

भारतात सुप्रीम कोर्टानं १९९९ मध्ये कॅप्टन एम. पॉल अँथनी यांच्या निकालात नोकरदारांच्या बाबतीत यावर मधला मार्ग सांगितला आहे. खात्याची चौकशी आणि खटला एकाच वेळी चालू शकतात. आरोप गंभीर आणि गुंतागुंतीचे असतील आणि दोन्हीकडे पुरावा तोच असेल, तर चौकशी थांबवणं योग्य. पण खटला फारच रखडला तर चौकशी पुन्हा सुरू करता येते. कॉलेजांनाही यातून घेण्यासारखं बरंच आहे.

कॉलेजमध्ये हा प्रश्न जास्त अवघड का?

उदाहरणापुरतं फोंडाघाट घ्या. गोव्यातलं फोंडा नव्हे, सिंधुदुर्गातल्या कणकवली तालुक्यातलं. इथून घाट चढला की दाजीपूर, राधानगरी आणि कोल्हापूर. जिल्हा मुंबई विद्यापीठाच्या कक्षेत येतो. त्यामुळे इथल्या कॉलेजमधल्या कबड्डीपटूला मोठं व्हायचं तर आधी कॉलेजचा संघ, मग आंतरमहाविद्यालयीन स्पर्धा, मग विद्यापीठाचा संघ आणि मग आंतरविद्यापीठ स्पर्धा अशी वाट आहे. पहिली पायरी म्हणजे कॉलेजचा संघ. ती चुकली तर पुढचं सगळं चुकतं.

आता समजा, अशा एका मुलावर मारामारीचा किंवा छेडछाडीचा गुन्हा दाखल झाला. कॉलेजनं त्याला संघाबाहेर केलं. त्याच्याकडे वेळ किती आहे? पदवीची तीन वर्षं, नव्या शैक्षणिक धोरणाच्या रचनेत फार तर चार. आंतरविद्यापीठ स्पर्धांना २५ वर्षांची वयोमर्यादा आहे. आपल्याकडचे खटले पदवीचं वेळापत्रक बघून चालत नाहीत. मुलगा निर्दोष सुटेल तेव्हा तो कॉलेजात असेलच असं नाही. मग त्याला परत घ्यायचं ते कशात?

अंकित चव्हाणकडे निदान पुढे खेळण्याची शक्यता होती. कॉलेजच्या खेळाडूला दोन हंगाम बाहेर बसवलं, तर त्याची अख्खी कारकीर्द संपते. निलंबन ‘तात्पुरतं’ असं कागदावर लिहिलेलं असतं, पण परिणाम कायमचा होतो.

यात नोकरीचाही प्रश्न आहे. महाराष्ट्रात शासकीय नोकऱ्यांत खेळाडूंसाठी ५ टक्के आरक्षण आहे आणि त्यासाठी ठराविक दर्जाच्या स्पर्धांतली कामगिरी लागते. कोकणातल्या छोट्या गावातल्या पोरासाठी कबड्डी किंवा धावण्याचं प्रमाणपत्र म्हणजे पोलीस भरतीपासून बऱ्याच गोष्टींची आशा असते. शहरात एका क्लबनं काढलं तर दुसरा मिळतो. फोंड्यासारख्या ठिकाणी दुसरा संघ शोधायला कुठे जाणार?

तक्रार करणाऱ्याचं काय?

आता दुसरी बाजू बघू. छोट्या गावातली हीच अडचण तक्रार करणाऱ्यालाही असते. तीच मुलगी त्याच कॉलेजात शिकते, त्याच एसटीनं येते, कदाचित त्याच मैदानावर खो-खो खेळते. किंवा मार खाल्लेला मुलगा त्याच संघात आहे. आरोपी संशयाचा फायदा मिळून सुटला आणि दुसऱ्या दिवशी त्याच्या स्वागताचा बॅनर लागला, तर तक्रारदारानं काय समजायचं?

निर्दोष मुक्तता म्हणजे तक्रार खोटी होती, असा अर्थ आपोआप निघत नाही. निकालपत्रात कोर्टानं तसं म्हटलं असेल तरच तो निघतो. पण कमेंट बॉक्समध्ये हा फरक कुणी पाळत नाही. आरोप झाल्या दिवशी मुलाला गुन्हेगार ठरवलं जातं आणि सुटल्या दिवशी मुलीला खोटारडी. यातून पुढचा तक्रारदार पोलिसांपर्यंत जातच नाही.

संघ ही जागाही वेगळी आहे. संघातला खेळाडू कॉलेजचं नाव छातीवर घेऊन फिरतो, बाहेरगावी मुक्कामाला जातो, ज्युनियर पोरं त्याच्याकडे बघून शिकतात. त्यामुळे कॉलेजनं फक्त ‘तुरुंगात नाही ना?’ एवढंच बघून चालत नाही.

पण म्हणून निव्वळ कुजबुजीवर कुणाला कायमचं बाहेर ठेवता येतं का? तेही नाही. २००६ मध्ये अमेरिकेतल्या ड्यूक विद्यापीठात लॅक्रॉस संघातल्या तीन खेळाडूंवर बलात्काराचे आरोप झाले. विद्यापीठानं संघाचा उरलेला हंगामच रद्द केला. एप्रिल २००७ मध्ये राज्याच्या अ‍ॅटर्नी जनरलनी आरोप मागे घेतले आणि तिघं निर्दोष असल्याचं जाहीर सांगितलं. केस चालवणाऱ्या सरकारी वकिलाची सनद गेली. तोपर्यंत तिघांपैकी एकाचं शिक्षण संपलं होतं आणि बाकी दोघं पुढे दुसऱ्या विद्यापीठांत गेले.

आपल्याकडे नियम काय आहेत?

पूर्ण पोकळी आहे असं नाही.

महाराष्ट्राचा रॅगिंग प्रतिबंधक कायदा १९९९ चा आहे. लेखी तक्रार आली की संस्थाप्रमुखानं सात दिवसांत चौकशी करायची. तक्रारीत प्रथमदर्शनी तथ्य दिसलं तर विद्यार्थ्याला निलंबित करायचं आणि तक्रार पोलिसांकडे पाठवायची. कोर्टात दोषी ठरला तर त्याला कॉलेजातून काढायचं आणि पाच वर्षं दुसरीकडेही प्रवेश नाही.

लैंगिक छळाच्या तक्रारींसाठी यूजीसीचे २०१५ चे नियम आहेत. अंतर्गत तक्रार समितीनं ९० दिवसांत चौकशी पूर्ण करायची. अहवालानंतर संस्थेनं ३० दिवसांत कारवाई करायची. कामाच्या ठिकाणच्या लैंगिक छळाविरोधातल्या २०१३ च्या कायद्यात तर स्टेडियम, क्रीडासंकुल आणि स्पर्धेची जागा यांचाही स्पष्ट उल्लेख आहे. मैदान हे या कायद्याच्या बाहेर नाही.

देशपातळीवर ऑगस्ट २०२५ मध्ये राष्ट्रीय क्रीडा प्रशासन कायदा आला. त्यात सुरक्षित खेळाचं धोरण आहे, क्रीडा न्यायाधिकरण आहे. पण त्याचा रोख राष्ट्रीय महासंघांवर आहे. कॉलेजच्या संघातून काढलेला मुलगा त्या न्यायाधिकरणापर्यंत पोहोचेल, अशी त्याची रचना नाही.

या सगळ्यात एक गोष्ट दिसते. बाहेर कसं काढायचं, याचे नियम आणि मुदती आहेत. निर्दोष सुटल्यावर संघात परत येण्याच्या वाटेबद्दल मात्र हे कायदे बोलत नाहीत, कारण तो त्यांचा विषयच नाही. मग ते मुख्याध्यापक, प्राचार्य, क्रीडा शिक्षक, संस्थाचालक आणि कधी गावातले वजनदार लोक यांच्या मनावर राहतं. ओळख असेल तर आठवड्यात परत, नसेल तर कधीच नाही.

मग परत घ्यावं की नाही?

थोडक्यात उत्तर असं. कोर्टानं निर्दोष सोडलं तर दार उघडायला हवं, पण थेट अंतिम संघात जागा द्यायला नको. आणि दार उघडायचं की नाही, हे ठरवायला मुदत हवी. हे प्रत्यक्षात आणणं फार अवघड नाही. कॉलेजच्या माहितीपुस्तिकेत एक पान पुरेल.

१. निलंबन कशासाठी, ते लिहा. ते शिक्षा म्हणून नसून तक्रारदाराच्या आणि चौकशीच्या सुरक्षेसाठी आहे. म्हणून ते किती काळ, कुठल्या गोष्टींपुरतं, हे आदेशात असावं आणि दर महिन्याला त्याचा आढावा व्हावा. तक्रारदार दुसऱ्या कॉलेजची असेल, तर एकट्यानं सरावाची मुभा देता येईल का, हे तपासता येतं.

२. कोर्टाची वाट बघत बसू नका. लैंगिक छळासाठी ९० दिवसांची मुदत आहेच. बाकीच्या तक्रारींनाही तशी मुदत लावता येईल. कॉलेजची चौकशी वेळेत झाली, तर कोर्टाचा निकाल पाच वर्षांनी लागला तरी मुलगा आणि तक्रारदार दोघंही लटकत राहणार नाहीत.

३. निकाल लागला की ठराविक दिवसांत, समजा ३० दिवसांत, लेखी निर्णय द्या. निकालपत्र वाचा. आरोप खोटा ठरला असेल आणि कॉलेजच्या चौकशीचा आधारही तोच असेल, तर बंदी उठलीच पाहिजे. संशयाचा फायदा मिळाला असेल, तर कॉलेजच्या स्वतःच्या चौकशीत काय सिद्ध झालं ते बघा. तिथेही काही सिद्ध झालेलं नसेल, तर अडवायला कारण उरत नाही. सिद्ध झालं असेल, तर शिक्षा किती हे ठरवा आणि बाहेर बसलेले महिने त्यात मोजा, जसं स्टोक्सच्या बाबतीत झालं.

४. निर्णयाआधी तक्रारदाराला विचारा. तिला नकाराधिकार असावा असं नाही. पण तिला काय व्यवस्था हवी, हे विचारायला हवं. सरावाच्या वेळा वेगळ्या, प्रवास वेगळा, तिच्याशी संपर्क नाही, अशा अटी घालता येतात. अट मोडली तर परत बाहेर.

५. परत येणं म्हणजे निवड चाचणीत उभं राहण्याचा हक्क. कबड्डीच्या मैदानात सातच जण उतरतात. त्याच्या जागी आलेल्या मुलानं ती जागा खेळून मिळवली आहे. परत आलेल्यानंही ती खेळूनच मिळवावी.

६. अपील कुठे करायचं, ते सांगा. यूजीसीच्या २०२३ च्या नियमांनुसार विद्यापीठांत विद्यार्थ्यांच्या तक्रारींसाठी लोकपाल असतो. तसाच एक टप्पा संघनिवडीच्या वादांनाही देता येईल. विद्यापीठानं एकदा नियम केला, तर कुलाब्यातल्या आणि फोंड्यातल्या कॉलेजला तो सारखाच लागू होईल.

यावर आक्षेप येऊ शकतो की छोट्या कॉलेजांकडे एवढी माणसं कुठे आहेत? बरोबर आहे. एकच क्रीडा शिक्षक असतो, तोच वेळापत्रकही बघतो. पण म्हणूनच त्याच्यावर हा निर्णय सोडू नये. लिहिलेला नियम नसला की सगळा दबाव त्या एका माणसावर येतो. एकीकडून आरोपीचे नातेवाईक, दुसरीकडून तक्रारदाराचे आणि तिसरीकडून ‘आपला चढाईपटू नाही तर फायनल कशी जिंकणार’ म्हणणारे.

दुसरा आक्षेप असा की गंभीर गुन्ह्यात तरी कोर्टाचा शेवटचा निकाल लागेपर्यंत थांबायला हवं. पण शेवटचा निकाल म्हणजे कुठला? सिद्धूच्या प्रकरणात तो २०२२ मध्ये लागला. वरच्या कोर्टात निकाल फिरला, तर कॉलेजला निर्णय पुन्हा बदलता येतो, तशी अट आदेशातच घालता येते. मुलाचे गेलेले हंगाम मात्र कुणालाच परत देता येत नाहीत.

पुढच्या वेळी एखादा खेळाडू सुटल्याची बातमी टाइमलाइनवर आली, तर शेअर करण्याआधी तीन गोष्टी बघता येतील. गुन्हा रद्द झाला, आरोपमुक्ती झाली की खटला चालून निर्दोष मुक्तता झाली? संस्थेनं स्वतःची चौकशी केली होती का आणि त्यात काय निघालं? आणि परत घेण्याचा किंवा न घेण्याचा निर्णय कुणी, किती दिवसांत, कुठल्या नियमानं घेतला? तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर मिळालं नाही, तर ते संस्थेला विचारायला हवं. आरोपी आपल्या आवडीचा असो किंवा नावडीचा.